मिलवॉकीची सहल कोणी मोडली?

"मला काय, कुठलंही चालेल," आई म्हणाली.

"मलाही," बाबा म्हणाले. "तुम्ही ठरवाल ते."

"माझा तर विचारच करू नका," असं म्हणून आजोबांनी बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. भांड्यात एकच बटाटा उरला होता. तो कोणीच घेतला नाही. हाल्व्हरसनांच्या घरात शेवटचा बटाटा घेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

कर्स्टनने पेन्सिल खाली ठेवली. वीस मिनिटं झाली तरी तिच्या कागदावर एकच ओळ होती: 'शनिवार-रविवार, मिलवॉकी.'

"आमच्या मॅडिसनला एवढ्या वेळात लोक सहलीला जाऊन परत येतात," जोनी म्हणाली. जोनी ही कर्स्टनची मावसबहीण. वय तेरा, म्हणजे कर्स्टनपेक्षा एक वर्षाने मोठी, आणि ते एक वर्ष ती कोणालाही विसरू देत नसे. उन्हाळ्याची सुट्टी ती इथे, विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमधल्या या गोठ्यावर काढायला आली होती.

"मला पोहायचा तलाव असलेलं हॉटेल हवं," नऊ वर्षांचा एमेट म्हणाला. घरात 'मला हवं' म्हणणारा तो एकटाच. अजून लहान होता, शिकला नव्हता.

अखेर कसंबसं ठरलं. बाबा हॉटेलची खोली घेणार. दोन दिवस अठ्ठावन्न गायींच्या सकाळ-संध्याकाळच्या धारा काढायला शेजारचे ड्वेनकाका येणार. माणसं सहा, म्हणून आजोबांची मोठी व्हॅन न्यायची. गायी काही शनिवार-रविवार पाळत नाहीत. त्यामुळे हे कुटुंब याआधी घराबाहेर झोपलं होतं ते एमेटच्या जन्माआधी.

कर्स्टनने कागद फ्रिजवर लावला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला पोहायचा तलाव नको होता. तिला गाओनू हवी होती.

गाओनू वांग दुसरीपासून पाचवीपर्यंत तिच्या शेजारी बसायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना मिलवॉकीत काम मिळालं आणि ते सगळे तिकडे गेले. आता ते मिलवॉकीही सोडून कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोला, तिच्या काकांकडे निघाले होते. रविवारी सकाळी सामानाचा ट्रक निघणार होता. फ्रेझ्नो दोन हजार मैलांवर. 'शनिवारी बारा वाजता, सरोवराकाठच्या पांढऱ्या संग्रहालयापाशी,' गाओनूने कळवलं होतं. 'बाराला त्याच्या छतावरचे पंख मिटतात आणि परत उघडतात. तेव्हा मी खाली उभी असेन.'

गाओनू चालली आहे हे कर्स्टनने घरी सांगितलं होतं. पण 'मला तिला भेटायचंच आहे' हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. ते म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेवटचा बटाटा उचलणं.

*

बुधवारी ती पशुखाद्याच्या दुकानात पोतं आणायला गेली, तर दारातच ड्वेनकाका भेटले.

"मग," ड्वेनकाका टोपी मागे सारत म्हणाले, "या शनिवारी घरीच आहात म्हणे."

"नाही. मिलवॉकीला चाललोय. तुम्हीच येणार ना धारांना?"

ड्वेनकाकांनी टोपी पुन्हा पुढे ओढली. "हां. असं होय," म्हणाले आणि आभाळ बघायला लागले. "पाऊस काही दिसत नाही."

"काका, आम्ही घरीच आहोत असं कोणी सांगितलं?"

"मी कुठं म्हटलं कोणी सांगितलं म्हणून?" आणि ते ट्रकमध्ये बसून निघूनही गेले.

कर्स्टन घरी आली तर फ्रिजवरचा कागद जागेवरच होता. पण जिन्याखाली काढून ठेवलेली आईची बॅग मात्र परत माळ्यावर गेली होती.

पाच मिनिटांत तिघांची बैठक गवताच्या माळ्यावर भरली.

"कोणीतरी सहल मोडतंय," कर्स्टन म्हणाली. "आणि आपल्याला सांगत नाहीये."

"बाबा," एमेट लगेच म्हणाला. "त्यांचं खरं कुटुंब गायींचं आहे. आपण पाहुणे."

"पुरावा?" जोनीने विचारलं. मग तिने घसा साफ केला, फोन काढला आणि चाळीस वर्षांच्या बाईचा आवाज लावून हॉटेलला विचारलं, "हाल्व्हरसन यांच्या नावाची खोली आहे ना शनिवारची?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "होती. काल एका गृहस्थांनी फोन करून रद्द केली. फारच सज्जन होते. उलट मलाच विचारत होते, तुम्हाला त्रास तर नाही ना झाला."

"बाबाच," तिघं एकदम म्हणाली.

"आता दुसरी खोली मिळेल?" जोनीने विचारलं.

"शनिवारी? सरोवराकाठी संगीताचा महोत्सव आहे. शहरात उभं राहायला मिळालं तरी नशीब समजा."

एमेटला व्हॅन बघायला पाठवलं. तो सायकल दामटत गावात गेला आणि अर्ध्या तासाने धापा टाकत माळ्यावर चढला.

"व्हॅन गॅरेजात आहे. वर टांगलेली. चाकंच नाहीत. आणि दारावर पाटी, 'मासे पकडायला गेलो आहे, सोमवारी येईन.'"

"तिथे नेली कोणी?"

"समोरच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, तुझ्या आजोबांनी. मंगळवारी. आणि म्हणाले, घाई अजिबात नाही."

जोनीने बोटं मोजली. "खोली तुझ्या वडिलांनी मोडली. व्हॅन आजोबांनी. आता ड्वेन नावाच्या माणसाला कोण काय म्हणालं तेवढं राहिलं. हा कट आहे, मुलांनो."

एमेटला कट आवडला. कर्स्टनला मात्र नाही. एकट्या माणसाने सहल मोडली असती तर त्याला समजावता आलं असतं. दोघांनी मोडलेली सहल तीन मुलं कशी जोडणार? गाडी त्यांना चालवता येत नव्हती. खोली त्यांना कोणी देणार नव्हतं. अठ्ठावन्न गायी तर त्यांच्याकडे बघतही नव्हत्या.

*

गुरुवारी दुपारी तिघं रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या वड्यांचा ट्रे घेऊन ड्वेनकाकांच्या ओसरीवर हजर झाली. त्या भागात काही विचारायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत.

"वड्या आणल्यात," कर्स्टन म्हणाली.

"छे, छे, कशाला. आत्ताच जेवलो."

"एक तरी घ्या."

"नको गं. घरी न्या, तुमच्या आजोबांना आवडतात."

"घ्या हो काका. आईने सकाळीच केल्यात."

"बरं. एवढं म्हणतेस तर," म्हणून ड्वेनकाकांनी एक उचलली. मग तिच्या खालची.

जोनीने डोळे फिरवले. "या माणसाला एक वडी घ्यायला किती वेळा विचारावं लागतं?"

"तीनदा," एमेट म्हणाला. त्याला तिची दयाच आली. "पहिलं 'नको' म्हणजे शिष्टाचार. दुसरंही शिष्टाचार. तिसरं खरं. तुमच्याकडे शाळेत शिकवत नाहीत?"

कर्स्टन ट्रे धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सोमवारचं टेबल आलं. बाबांनी आईला विचारलं होतं, "तुला जायचंय ना?" आई म्हणाली होती, "मला काय, कुठलंही चालेल." आणि बाबांनी पुढे विचारलं नव्हतं. तेवढ्यात वासरू ओरडलं म्हणून ते उठून गेले होते. आईनेही बाबांना एकदाच विचारलं होतं, तेही भांडी घासताना. आजोबांना तर कोणी विचारलंच नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "आईने तुम्हाला नको सांगितलं ना?"

ड्वेनकाका वडी चावत बसले.

"आईनेच ना, काका?"

"तिच्या मनात काही वाईट नव्हतं."

"आई काय म्हणाली, काका?"

ड्वेनकाकांनी सुस्कारा टाकला. तिसरा प्रश्न त्यांनाही टाळता येत नव्हता. "म्हणाली, आर्लनला, तुझ्या बाबांना, जायचं दिसत नाही, तो फक्त आमच्यासाठी तयार झालाय, तर तुम्ही येऊ नका, म्हणजे त्याला घरी राहायला निमित्त मिळेल. आता झालं समाधान?"

"मग तुम्ही शनिवारी येऊ शकाल?"

"गवताची दुसरी कापणी काढलीय मी."

"येऊ शकाल का?"

"कापणी एक दिवस थांबेल म्हणा." त्यांनी बोटं पुसली. "पण हे तुझ्या वडलांनी मला सांगायला हवं. पोरीच्या शब्दावर मी दुसऱ्याच्या गोठ्यात पाय ठेवणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळलं तर बघतो. नाहीतर शनिवारी सकाळी मी शेतावर असेन."

*

शुक्रवारचा दिवस वाळूसारखा हातातून निसटला. सकाळी एक गाय अडली. बाबा आणि आजोबा दोन वाजेपर्यंत तिच्यापाशी होते, जेवणं उभ्याउभ्याच झाली. आई चर्चच्या जेवणाला लागणारी भांडी पोचवायला गेली. कर्स्टनने बाबांना एकदा गाठलं, तर ते म्हणाले, "आत्ता नको, बाळा." आईला गाठलं, तर ती म्हणाली, "आधी ते कपडे घडी कर."

"तिघं एका जागी पाहिजेत," कर्स्टन जोनीला म्हणाली. "आणि त्यांना उठून जाता येता कामा नये."

"खुर्चीला बांधायचं?"

"त्याची गरज नाही. पाच वाजू देत."

पाचला धारा सुरू झाल्या. गायी दोन रांगांत उभ्या होत्या आणि तिघं मोठी माणसं त्यांच्या मध्ये खाली वाकून यंत्रं लावत होती. कोणाचंच तोंड दिसत नव्हतं. बाबांचे बूट दिसत होते, आईच्या डोक्याचा रुमाल, आजोबांची पाठ. एमेटने ठरल्याप्रमाणे रेडिओ बंद केला. तो रेडिओ गायींसाठी कायम चालू असे, त्यामुळे अठ्ठावन्न माना एकदम वळल्या.

"रेडिओ का बंद केला रे?" बाबांचा आवाज आला.

"मला प्रश्न विचारायचाय," कर्स्टन मधल्या वाटेवर उभी राहून म्हणाली. "आई, तुला मिलवॉकीला जायचंय?"

"अगं, माझं काय. राहिलं तरी चालेल."

"आई, तुला जायचंय?"

"खरंच नाही गं, घरी कामंही पुष्कळ आहेत."

"आई. जायचंय का तुला?"

मग गायीमागून आईचा आवाज आला, जरा जाड. "हो. जायचंय. मला एक दिवस सकाळी आठपर्यंत झोपायचंय. अशा ठिकाणी, जिथे मला कोणी ओळखत नाही."

बाबांचे बूट हलले. "डेब, तू म्हणालीस कुठलंही चालेल."

"तूही तेच म्हणालास."

"मी तुला विचारलं होतं."

"एकदा विचारलंस, आर्लन."

"तू दमलेली दिसलीस. वाटलं, मुलांसाठी ओढून-ताणून चाललीयस. म्हणून मी खोली..." बाबा थांबले.

"आणि मी ड्वेनला," आई म्हणाली.

"बाबा, तुम्हाला जायचंय?" कर्स्टनने विचारलं. बाबांनी पहिल्यांदा खांदे उडवले असावेत, कारण गाय दचकली. दुसऱ्यांदा ते म्हणाले, गोठा सोडून जायचं जिवावर येतं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मी मोठं सरोवर एकदाच पाहिलंय. अठरा वर्षांचा होतो. पाण्यात पाय घालायचे राहून गेले, धारांची वेळ झाली म्हणून."

"आजोबा?"

"मला नाही जायचं," आजोबा म्हणाले.

"आजोबा, जायचंय का?"

"नाही म्हटलं ना."

"आजोबा—"

"नाही, नाही आणि नाही." आजोबा पाठ सरळ करत उभे राहिले. "मला दोन दिवस या घरात एकट्याने बसायचंय. बेसबॉल ऐकत. 'आजोबा, काही हवंय का' असं दर दहा मिनिटांनी कोणी विचारणार नाही अशा शांततेत. व्हॅन गॅरेजात टाकली की मला न्यायला जागा उरणार नाही, एवढं माझं साधं गणित होतं. तुम्ही पाच जण डेबच्या गाडीत आरामात मावता. हे तुम्हाला सुचेल असं वाटलं."

"मग स्पष्ट सांगायचं ना," आई आजोबांना म्हणाली.

"वाईट दिसलं असतं."

जोनी गव्हाणीवर बसून हसत होती. एमेट मात्र जरा हिरमुसला. कट मोडला होता, आणि त्यात एकही दुष्ट माणूस निघाला नव्हता.

बाबा दोन गायींमधून बाहेर आले. हात पुसले आणि कर्स्टनसमोर उभे राहिले. "आणि तुला? तुला जायचंय?"

"मला काय," कर्स्टन म्हणाली. ते तिच्या तोंडून आपोआप निघालं. "कसंही चालेल."

"कर्स्टन, जायचंय?"

"तुम्हाला त्रास होणार असेल तर नाही."

बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही लगेच. मग खाली वाकून, हळू आवाजात म्हणाले, "तुला जायचंय का, बाळा?"

"गाओनू रविवारी जाणारे," कर्स्टन म्हणाली आणि पुढचे शब्द तिला आवरेनात. "फ्रेझ्नोला. परत नाही येणार. उद्या बाराला ती माझी वाट बघत उभी राहणारे आणि मी आले नाही तर तिला वाटेल मला काही वाटतच नाही."

बाबांनी भिंतीवरचा फोन उचलला. "ड्वेन," ते म्हणाले, "आर्लन बोलतोय. मला तुझी मदत हवीय." आजवर हे वाक्य त्यांनी कोणाला म्हटलेलं कर्स्टनने ऐकलं नव्हतं.

*

खोली मात्र मिळालीच नाही. अकरा हॉटेलं झाली. शेवटी कर्स्टनने गाओनूला फोन केला आणि मागून तिच्या आईचा आवाज आला, "जमीन आहे की. जमीन पॅक नाही केली आम्ही."

शनिवारी बाराला पाच मिनिटं असताना ते संग्रहालयापाशी पोचले. कर्स्टन गाडी थांबायच्या आधीच उतरली. गाओनू कठड्याला टेकून उभी होती. केस कापलेले, आणि कर्स्टनपेक्षा वीतभर उंच.

"उंच झालीस," कर्स्टन म्हणाली.

"तू नाही झालीस," गाओनू म्हणाली.

वर ते प्रचंड पांढरे पंख सावकाश मिटले, आणि लोक माना वर करून बघत असताना पुन्हा उघडले. कर्स्टनने ते पाहिलं की नाही, तिला नंतर आठवेना. गाओनूने तिचा हात धरला होता तेवढं आठवलं.

वांगांचं घर रिकामं होतं. भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन आणि सगळीकडे खोकी. गाओनूच्या आईने आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात जांभळ्या चिकट भाताची ताटली दिली.

"नको, नको, आम्ही वाटेत—" बाबांनी सुरुवात केली.

"खा," गाओनूची आई म्हणाली.

बाबांनी खाल्लं. त्या बाईने संध्याकाळी त्यांना 'राहणार का' असंही विचारलं नाही. पाच गोधड्या अंथरल्या आणि दिव्याचं बटण कुठे आहे ते दाखवलं.

"ही पद्धत बरी आहे," जोनी कर्स्टनच्या कानात म्हणाली. "सोमवारी लागू करा."

रविवारी सकाळी सगळे उठले, आई सोडून. सामान हलायला लागलं. बाबा आणि गाओनूचे वडील सोफा उचलून आईवरून पलीकडे घेऊन गेले. एमेट दिवा घेऊन वरून गेला. आई तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि कोणी तिला उठवलं नाही. आठला तिने डोळे उघडले, तेव्हा खोलीत फक्त ती आणि तिची गोधडी उरली होती. "किती वाजले?" तिने विचारलं आणि उत्तर ऐकून परत पाच मिनिटं डोळे मिटले.

नऊला ट्रक भरला. करण्यासारखं काही उरलं नाही. कर्स्टनला वाटलं, एखादं खोकं तरी राहिलेलं सापडावं. पण गाओनूच्या वडिलांनी दोनदा आत फिरून पाहिलं होतं. गाओनू पुढच्या सीटवर भावंडांच्या शेजारी, खिडकीपाशी चेपून बसली. काच खाली केली.

"लिहिशील?"

"लिहीन."

"रोज नको. रोज लिहिलंस तर लगेच कंटाळशील."

"बरं. रोज नाही."

ट्रक कोपऱ्यावर वळायला थांबला, आणि वळला.

आईने झाडू शोधून रिकामं घर झाडायला घेतलं. दुसऱ्याचं घर केर ठेवून सोडणं तिला जमणारं नव्हतं. बाबांनी आजोबांना फोन लावला. गायी ठीक होत्या. ड्वेनकाका वेळेवर आले होते. आजोबा बराच वेळ काहीतरी बोलले, आणि बाबा नुसतं "हं, हं" करत राहिले.

"काय म्हणाले?" एमेटने विचारलं.

"म्हणाले, सहल कोणी मोडली ते तिघांनी शोधून काढलं, हे काम काही वाईट नाही."

"काही वाईट नाही?" जोनी म्हणाली. "बस एवढंच?"

"आजोबा माझ्या लग्नाबद्दलही एवढंच म्हणाले होते," बाबा म्हणाले, "आणि ते मला अजून लक्षात आहे."

मग ते सरोवरावर गेले. पलीकडचा काठ दिसत नव्हता. बाबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्यांचे पाय इतके पांढरे होते की एमेटला हसू आवरेना. पाणी बर्फासारखं होतं. बाबा घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि थोड्या वेळाने कर्स्टन जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"ती आता कुठे असेल?" तिने विचारलं.

बाबांनी विचार केला. "मॅडिसनच्या जरा पुढे."

तिला रडू आलं. बाबांनी तिला रडू नकोस म्हटलं नाही, पुन्हा भेटाल म्हटलं नाही. दोन हजार मैलांचं ते काही करू शकत नव्हते, आणि तसं त्यांनी भासवलंही नाही. ते फक्त तिच्या शेजारी पाण्यात उभे राहिले. त्यांचे पाय आधी लाल आणि मग निळे पडले, तरी ती स्वतःहून "चला" म्हणेपर्यंत ते हलले नाहीत.